मामावर गेलाय

श्रोतेहो, नमस्कार.

"मामावर गेलाय. मामाबी असाच उशिरा बोलला व्हता." आपल्याकडं लेकरू तीन वर्षांचं झालं आणि बोलेना, की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याचा हेतू धीर द्यायचा असतो. मी लेकरांना बोलायला शिकवते, स्पीच थेरपिस्ट आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढं पुढं ते कानावरून जायचं. मग एका लेकरानं मला ते नीट ऐकायला शिकवलं. गावाचं नाव सांगत नाही, बीड जिल्हा एवढंच.

सहा वर्षांचा मुलगा, आईबाप ऊसतोडीला जाणारे. आईच्या हातात कापडाच्या दुकानातली पिशवी, आणि पिशवीत पाच दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. कान वाहतो म्हणून एक, फिट आली म्हणून एक, तळपाय सपाट म्हणून एक, एका जागी बसत नाही म्हणून एक, बोलत नाही म्हणून एक. एकही चिठ्ठी चुकीची नव्हती. पण पाचही चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या.

त्या दिवशी बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मी असे सगळे एकाच खोलीत होतो. पोराच्या शर्टाची कॉलर चावून चावून ओली झालेली. मी हात पुढं केला. त्यानं हात दिला, पण तोंड आणि अर्धं अंग खिडकीकडं वळवून. आणि लगेच, "चल घरी चल घरी चल घरी." डॉक्टरांनी त्याची बोटं हलकेच मागं वाकवून पाहिली, ती सहज वाकली. लांबट चेहरा, मोठे कान. मग त्यांनी आईला विचारलं, "माहेरी आणखी कुणाला असं काही?"

ती म्हणाली, "माझा भाऊ. शेळ्या राखतो. हिशोब येत न्हाई त्याला." आणखी कुणी? "माझ्या मामाचे हात कापतात. चहाचा कप धरवत न्हाई, चालताना झोक जातो. पण ते वयानं असंल." तिसरी गोष्ट तिनं खोलीत सांगितलीच नाही. सिस्टर तिला पाणी प्यायला बाहेर घेऊन गेल्या, तेव्हा सांगितली : थोरल्या बहिणीची पाळी छत्तिशीतच बंद झाली.

न बोलणारा भाचा, शेळ्या राखणारा मामा, हात कापणारे आईचे मामा, पाळी गेलेली मावशी. चौघांच्या मागं एकच कारण निघालं, फ्रॅजाइल एक्स नावाचा आनुवंशिक दोष.

आपल्या पेशीतल्या एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचं एक जनुक असतं. ते १९९१ साली सापडलं. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, माळेत मणी ओवावेत तसा. बहुतेकांच्या माळेत ४५ पेक्षा कमी मणी असतात. ५५ ते २०० असले तर माणूस वाहक, म्हणजे हा दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा. आई वाहक असेल तर तिच्याकडून पुढं जाताना माळ वाढू शकते. मणी २०० च्या वर गेले की जनुक बंद पडतं आणि मेंदूच्या वाढीला लागणारं एक प्रथिन तयार होत नाही. मुलींना दुसऱ्या एक्सचा आधार असतो, म्हणून त्यांच्यात त्रास बहुधा सौम्य दिसतो. मुलाला एकच एक्स असतो, आणि तो आईकडून येतो.

वाहक माणूस धडधाकट दिसतो. पण वाहक बायकांपैकी साधारण पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते, आणि काही वाहक पुरुषांना पन्नाशीनंतर हात कापणं, तोल जाणं सुरू होतं. म्हातारा मेंदूच्या डॉक्टरकडं, मावशी बायकांच्या डॉक्टरकडं, लेकरू कानाच्या डॉक्टरकडं. घर एकच, पण ते कुणालाच दिसत नाही. सगळे एकत्र बसतात तो दवाखाना हवा, तो यासाठी. तिथं पेशंट एकटं लेकरू नसतं.

तपासणी रक्ताची असते, पण डॉक्टरांनी नेमकी फ्रॅजाइल एक्सचीच लिहावी लागते. नुसत्या गुणसूत्रांच्या तपासणीत हा दोष सुटून जाऊ शकतो.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. रिपोर्ट आला, आणि आजीनं (बापाच्या आईनं) पहिलं वाक्य उच्चारलं, "म्हंजी हिच्या माहेरचंच हाय." मला ती खोली अजून दिसते. पोराच्या आईनं मान खाली घातली. रिपोर्टचा कागद सुनेला मारायची काठी होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. म्हणून आता आम्ही रिपोर्ट एकट्या आईच्या हातात देत नाही. नवरा, सासू, सगळ्यांना बसवतो. सांगतो, की वाहक आईच्या प्रत्येक गरोदरपणात तो एक्स पुढं जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि ते तिच्या हातात नसतं. हे नात्यातल्या लग्नामुळं झालेलं नाही, ग्रहणामुळं नाही, कुणाच्या पापामुळं तर नाहीच. सासूबाई तीनदा ऐकून घेतात, तेव्हा कुठं एकदा पटतं. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. फिटांवर औषध आहे. वाहणाऱ्या कानाकडं लक्ष द्यायचं, कारण नीट ऐकूच आलं नाही तर शब्द येणार कुठून? "माझ्या डोळ्यांत बघ" असा हट्ट या मुलांशी करू नका, त्यांची भीती वाढते. समोर बसण्याऐवजी शेजारी बसा. कुकरची शिट्टी होणार असेल तर आधी सांगा. आमच्या त्या पोराला एसटीचं चित्र दाखवून मग स्टँडवर नेलं, की तो रडत नाही. ही मुलं नक्कल फार छान करतात. त्यानं पहिलं पूर्ण वाक्य कंडक्टरच्या आवाजात म्हटलं, "पुढं सरका, पुढं सरका."

दसऱ्यानंतर ते कुटुंब कारखान्यावर जातं, ते उन्हाळ्यातच परततं. दर आठवड्याला या, असं सांगण्यात काय अर्थ? म्हणून फडावर, कोपीत करता येईल असं रोजच्या दहा मिनिटांचं काम चित्रांत काढून दिलं. आई ते मोबाईलवर बघते.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीचं पथक येतं. त्यांना लेकराबद्दल सांगा. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला दवाखान्यातले लोक डीईआयसी म्हणतात, तिथं पाठवायला सांगा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण मिळू शकतं. आणि जाण्याआधी वहीच्या एका पानावर माहेरची माणसं काढा : मामा, मावश्या, आईचे मामा. कोण उशिरा बोललं, कुणाचे हात कापतात, कुणाची पाळी लवकर गेली.

हात कापणारे ते मामा, त्यांना तीन मुली आहेत. बापाकडं एकच एक्स असतो, तो प्रत्येक मुलीला जातोच. म्हणजे तिघीही वाहक. हे कळल्यावर मामा स्वतः दवाखान्यात आले, दोन्ही हातांनी कप धरून चहा प्याले आणि म्हणाले, "धाकटीचं लगीन ठरलंय. तिला काय सांगू?" पुढच्या सोमवारी ती येतेय, होणाऱ्या नवऱ्याला सोबत घेऊन. सिस्टरनी खुर्च्या मोजून ठेवल्यात.

नमस्कार.