खाडीच्या बाजूची खोली

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुम्हाला खर्चात पाडणार आहे. आपल्याच शहरातल्या एखाद्या उंच हॉटेलात, वरच्या मजल्यावर, एक रात्र मुद्दाम राहून बघा, असं मला सांगायचंय. लग्नाच्या गडबडीत साडी बदलण्यापुरती मिळालेली खोली यात धरायची नाही. घर नेरूळला आणि मुक्काम वाशीला, म्हणजे दोन्ही नवी मुंबईतच, हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "काही बिनसलंय का गं घरी?" काउंटरवरचा मुलगासुद्धा आधार कार्डावरचा पत्ता वाचून जरा थबकतो. थबकू द्या. खोली आपण बघायला घेतोय.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. म्हणून असेल कदाचित, पण नवी मुंबई रस्त्यावरून कळत नाही असं माझं मत आहे. एका सेक्टरमधून दुसऱ्यात गेलो तरी तेच चौक, तेच स्टेशन, तशाच इमारती. पुण्याहून आलेला पाहुणा तर पाम बीच रोडवरच चुकतो. याला कारण आहे. हे शहर आधी कागदावर काढलं गेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 रोजी ते वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली आणि मग चौकोन आखले गेले. ज्यांनी ते आखले त्यांच्या डोळ्यांसमोर शहर वरूनच होतं. आपणही एकदा वरून बघितलं, की रोजचे रस्ते जागच्या जागी बसतात.

वर गेलं की किती लांबचं दिसतं? खाडीकाठी उभं राहिलं तर सपाटीवरचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. विसाव्या मजल्यावर, म्हणजे साधारण 65 मीटर उंचीवर, तेच 29 किलोमीटरपर्यंत जातं. सूत्र सोपं आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला 3.57 ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. यातली गंमत वर्गमूळात आहे. उंची चौपट केली तरी क्षितिज दुप्पटच लांब जातं. म्हणून अगदी टोकाच्या मजल्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. दहावा ते पंधरावा मजला मला सगळ्यात आवडतो. तिथून खाडी सगळी दिसते आणि खाली रिक्षाच्या रांगेत कोण कोणाशी भांडतंय तेही दिसतं. फार वर गेलं की माणसं नाहीशी होतात आणि उरतो तो नुसता नकाशा. आणि नकाशे मी पुष्कळ पाहिलेत.

मजल्यापेक्षा महत्त्वाची दिशा. वाशीला पश्चिमेकडची खोली म्हणजे खाडी, पलीकडे मानखुर्द, डावीकडे ट्रॉम्बेचा डोंगर. पूर्वेकडची खोली म्हणजे पारसिकची रांग, तिच्या पायथ्याशी एमआयडीसी आणि दगडखाणींनी कापलेले डोंगराचे लचके. हॉटेलवाले पहिलीला 'क्रीक व्ह्यू' म्हणतात आणि जास्त पैसे घेतात, दुसरीला 'सिटी व्ह्यू' म्हणतात. पनवेलच्या बाजूला राहिलात तर पूर्वेची खोली मागा. स्वच्छ हवेत प्रबळगड आणि त्यामागे माथेरानचं सपाट माथं दिसतं, दक्षिणेला कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. ठाण्याच्या श्रोत्यांचं गणित बरोबर उलटं आहे. घोडबंदर रोडला खाडी पूर्वेला आणि येऊरचा डोंगर पश्चिमेला. आमच्याकडे सूर्य खाडीवर मावळतो, त्यांच्याकडे खाडीवर उगवतो आणि संध्याकाळी येऊरमागे लवकर बुडी मारतो.

सूर्य मावळण्याची जागाही वर्षभर एक नसते. आपल्या अक्षांशावर ती जूनमध्ये पश्चिमेपासून जवळजवळ 25 अंश उत्तरेला जाते, डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेला. वाशीच्या खिडकीतून डिसेंबरचा सूर्य डावीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला सरकलेला असतो, मेअखेरीस तो घाटकोपर-विक्रोळीकडे गेलेला असतो. जूनमध्ये तो नक्की कुठे बुडतो हे विचारू नका, तेव्हा ढगांशिवाय काही दिसत नाही.

आता भरती-ओहोटीकडे येते. क्रीक व्ह्यूचे पैसे भरणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हा हिशोब करतात. खाडी म्हणजे कायम भरलेलं पाणी अशी अनेकांची समजूत असते. पडदा उघडल्यावर समोर मैलभर चिखल दिसला की ते रिसेप्शनला फोन लावतात. अहो, तो चिखलच बघायचा असतो! ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारोंनी मुक्कामाला असतात आणि त्यांचं ताट म्हणजे ओहोटीचा उघडा चिखल. भरती चढली की ते उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विश्रांतीला जातात. म्हणजे भरतीच्या वेळी तुम्ही खिडकीत बसलात, तर सुंदर पाणी दिसेल आणि पक्षी आमच्या घराकडे असतील.

भरती कधी येणार ते कळायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. रोज पाऊण-एक तास पुढे. खाडीत वाशीपर्यंत पाणी आत यायला थोडा वेळ जातो, तेवढा जमेस धरायचा. आता तुम्हीच बघा. सकाळी आठ ते दहा या वेळात चिखल उघडा हवा असेल तर द्वितीया ते पंचमी यांतली सकाळ निवडायची, शुद्ध असो की वद्य. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे ते दिवस असल्यामुळे भरती-ओहोटी मोठी असते, पाणी लांब ओसरतं. त्यातून खोली पश्चिमेची असल्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यांवर पडतं. दुर्बीण न्या. नुसत्या डोळ्यांना काठाकाठाने फिकट गुलाबी पट्टा दिसेल, दुर्बिणीतून त्या पट्ट्याला माना फुटतील.

महिना कोणता, असं विचाराल. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मी टाळते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूळ-धूर त्याखाली कोंडतो. मग एकोणतिसातले पाच किलोमीटर दिसले तरी नशीब. लांबचं सगळ्यात छान दिसतं ते पाऊस नुकताच संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पण तेव्हा पक्षी आलेले नसतात. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर फेब्रुवारी संपता संपता जावं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच दुपारी दोनपासून अशी तापते, की ज्या दृश्यासाठी जादा पैसे मोजले त्यावरच आपण पडदा ओढून बसतो.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, लिहून घ्या. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की 18. समजा साधी खोली 7,400 ला आहे आणि खाडीची 7,600 ला. दोनशेचाच फरक, असं म्हणून आपण 'हो' म्हणतो. पण बिलात पहिली 7,770 ला पडते आणि दुसरी 8,968 ला. ते दृश्य तुम्हाला जवळजवळ बाराशेला पडलं. तेव्हा भाव विचारताना करासकट विचारा. आणि खिडकीसमोरचा प्लॉट मोकळा आहे का, हेही विचारा. संकेतस्थळावरचा फोटो समोरची इमारत उभी राहण्याआधीचा असू शकतो.

खोलीत गेल्यावरच्या दोन-तीन गोष्टी भरभर सांगते. लिफ्टमध्ये कानात दडे बसले तर आवंढा गिळा. वीस मजल्यांत हवेचा दाब शेकडा एकानेसुद्धा कमी होत नाही, फक्त तो झटकन बदलतो म्हणून कानाला कळतो. खिडकी उघडणार नाही, हट्ट करू नका. रात्री बाहेरचं बघायचं असेल तर खोलीतले सगळे दिवे घालवा, टीव्हीसुद्धा, नाहीतर काचेत आपणच दिसतो. जिना कुठे आहे ते सामान ठेवायच्या आधी चालत जाऊन बघून या, कारण आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. आमच्या घरी हे या माझ्या सवयीला हसतात. हसोत.

दिवे घालवलेत? मग जरा खाली बघा. वाशीचे सेक्टर चौकोनी, रस्ते रुंद, झाडं रांगेत. आणि मध्येच एखाद्या ठिकाणी पट्टी हरवल्यासारखं होतं: घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या वाकड्या, एका बाजूला देवळाचा कळस. ते गावठाण. वाशीगाव, जुहूगाव, पुढे सारसोळे, करावे, दिवाळे. या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं त्यात गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे जीव गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी लढा पुढे नेला आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज एखादा म्हणतो, "आमची बिल्डिंग साडेबारा टक्क्यातली," तेव्हा त्या वाक्यामागे हे सगळं असतं. आराखड्यात ही गावं म्हणजे कडेने वळसा घातलेली बेटं होती. वरून अजूनही तशीच दिसतात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे तलाव. वाशीतला मिनी सीशोअर हा आपण संध्याकाळी शेंगदाणे खात फिरायचा तलाव समजतो. तो आहे धारण तलाव. हे शहर सखल आहे, बरीच जमीन भराव टाकून केलेली. मोठ्या पावसात नेमकी भरती आली तर नाल्याचं पाणी समुद्रात जाण्याऐवजी समुद्रच नाल्यातून आत येईल. म्हणून नाल्याच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीच्या रेट्याने त्या मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते बाहेर पडतं. तलावात गाळ साचला की त्याची कूस आक्रसते आणि तेवढं पाणी रस्त्यावर येतं. वरून बघताना तलावाच्या कडेला वाढलेली झाडी दिसते. छान दिसते, पण तिथे पाणी मावणार नाही हे मनात येतंच.

आणि मग नजर पुलांवर जाते. 1973 चा पहिला, 1997 चा दुसरा, 2024 पासून तिसराही, शिवाय 1992 चा रेल्वेचा. संध्याकाळी सात वाजता त्यांवरचे तांबडे दिवे आणि पांढरे दिवे बघितले की कोण घरी येतंय आणि कोण उलटं निघालंय ते कळतं. मुंबईची गर्दी कमी करायला हे शहर वसवलं, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल! खिडकीत उभं राहून मला तरी ती कमी झालेली दिसली नाही.

पण या सगळ्या दृश्यात मोठा भाग कशाचा आहे? ना टॉवरचा, ना पुलाचा. पाणी, चिखल आणि तिवरांची काळपट हिरवी पट्टी, म्हणजे जिथे कुणी काही बांधलेलं नाही तो भाग. तो आपोआप राहिलेला नाही. 1991 मध्ये किनारा नियमन क्षेत्राचे नियम आले. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला आणि त्यांच्यालगत बांधकाम करायला मनाई केली. 2015 मध्ये खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हॉटेलने काच बसवली, पलंग त्या बाजूला वळवला आणि भाडं वाढवलं. काचेपलीकडचं मात्र कोर्टात भांडून टिकलेलं आहे, आणि ते भांडणाऱ्यांत आपल्याच शेजारच्या सोसायट्यांतली माणसं आहेत, गावांतले मासेमार आहेत. भाड्यातला एक रुपयाही तिवरांकडे जात नाही. मला हे खटकतं. चेकआउटच्या वेळी अभिप्रायाचा कागद देतात ना, त्यावर न्याहारीतल्या पोह्यांबद्दल लिहून झालं की हेही लिहा. मी लिहिते.

ज्यांना एवढा खर्च नको असेल त्यांनी बेलापूरला पारसिक हिलच्या रस्त्याने पहाटे वर चालत जावं. तिथून खाडी दिसते, हवा चांगली असेल तर लांबवर अटल सेतू दिसतो आणि डिसेंबर 2025 पासून उलव्याकडे नव्या विमानतळावर उतरणारी विमानंही. वर चहावाला असेलच असं नाही, तेव्हा थर्मास बरोबर ठेवा. आणि निघण्याआधी तिथी बघायला विसरू नका.

नमस्कार.