सीट १२, सीट १४, सीट १५

नमस्कार मंडळी, मी नॉर्थ कॅरोलायनातून बोलतेय. कॅरी म्हणून गाव आहे, रॅलेला लागूनच, इथे आता आपली माणसं इतकी झालीत की किराणा दुकानात शेपूची जुडी कुठेय असं मराठीत पुटपुटलं तरी मागून कुणीतरी उत्तर देतं. तर आज सांगायचंय ते इथल्या अपील कोर्टाचे जज कसे निवडून येतात ते. निवडून म्हणजे खरंच निवडून, मतं टाकून. विषय ऐकून स्टेशन बदलू नका, यात भानगडी भरपूर आहेत.

सुरुवात आमच्या डायनिंग टेबलापासून करते. २०२४ चा ऑक्टोबर, सासरे नाशिकहून आले होते, जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, म्हणजे कागद हातात पडला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवणार नाही. मी मतदानाला जायच्या आधी सँपल बॅलटची प्रिंट काढून ठेवली होती, त्यावर चहाचा एक गोल डागही पडला होता, ती त्यांनी उचलली, चष्मा लावला, प्रेसिडेंट, गव्हर्नर वगैरे भराभर वाचलं आणि खाली एका ठिकाणी बोट थांबलं. "अगं हे काय? अपील कोर्ट जज, सीट १२. पुढे सीट १४. पुढे सीट १५. जज पण मतपत्रिकेवर?"

मी म्हटलं हो बाबा.

"मग हात जोडून दारोदार फिरतात की काय?"

दारोदार नाही फिरत, पण रस्त्याच्या कडेला पाट्या लावतात, पार्टीच्या मेळाव्यांना जातात, कुठे बार्बेक्यू असेल तिथे उभे राहून हात मिळवतात. बाबांना ते पटेना. त्यांच्या नोकरीत जजसाहेब गावात कुणाच्या लग्नाला जायचं म्हटलं तरी दहा वेळा विचार करायचे, का तर उद्या तोच पक्षकार समोर उभा राहायचा.

आता हे कोर्ट नक्की कुठलं ते सांगते. खाली ट्रायल कोर्टं, जिथे साक्षीपुरावे होतात, ज्युरी बसते. सगळ्यात वर राज्याचं सुप्रीम कोर्ट, सात जणांचं. मधे हे, कोर्ट ऑफ अपील्स, १९६७ साली सुरू झालं, तेव्हा सहा जज होते, आज पंधरा आहेत. बसतात रॅलेत, तिघातिघांच्या बेंचवर. इथे साक्षीदार नाही, ज्युरी नाही, फक्त खालचं रेकॉर्ड आणि वकिलांचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, आणि प्रश्न एकच की खालच्या कोर्टाने कायदा नीट लावला का. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आर अँड पी, खालच्या कोर्टाची सगळी कागदपत्रं, मागवून घ्यायची आणि वाचत बसायचं." अगदी तेच. फाशीची प्रकरणं सोडली, ती थेट सुप्रीम कोर्टात जातात, तर बाकी बहुतेक अपिलांचा शेवट इथेच होतो. घटस्फोट, मुलांचा ताबा, कारखान्यात हात कापला त्याची भरपाई, शेताच्या बांधाचं भांडण, सगळं या तिघांच्या टेबलावर. वरचं सुप्रीम कोर्ट आपल्याला हवी तीच प्रकरणं घेतं. पूर्वी एक सोय होती, की बेंचवर दोन विरुद्ध एक झालं तर हरलेल्याला हक्काने वर जाता यायचं, ती सोय २०२३ च्या बजेटच्या कायद्यातून काढून टाकली. बजेटमधून! असो.

तर हे पंधराही जण सगळ्या राज्यातून निवडून येतात, मतदारसंघ वगैरे काही नाही. इथे म्हणतात मर्फी ते मँटिओ, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरातलं एक टोक ते समुद्राकडचं दुसरं, गाडीने नऊ-एक तास लागतात, शंभर काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे, आणि त्या सगळ्यांनी मत द्यायचं अशा माणसाला ज्याचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही. मुदत आठ वर्षांची. मुख्य अट ही की वकिलीची सनद पाहिजे. फॉर्म भरायची फी पगाराच्या एक टक्का. मधेच कुणी रिटायर झालं किंवा राजीनामा दिला तर गव्हर्नर माणूस नेमतो, २०२४ च्या शेवटापर्यंत तो आपल्या मर्जीतला कुणीही नेमता यायचा, आणि पुढच्या निवडणुकीत त्याने लोकांसमोर जायचं. नियम म्हणून एवढंच आहे, पाच मिनिटांत पाठ होईल. मजा आहे ती मतपत्रिकेत, कारण मतदाराकडे दुसरं काहीच नसतं हो. तिथे नावापुढे काय छापलंय, कुठलं नाव वर छापलंय, आणि एका जागेला किती नावं छापलीत, यावर जज ठरतो. मी जितकं वाचत गेले तितकं माझं हे मत पक्कं होत गेलं, आणि दर दोन-चार वर्षांनी ते छापायचे नियम विधिमंडळ बदलतं.

आधी नावापुढे पार्टी असायची. २००२ मध्ये कायदा झाला आणि २००४ पासून ती काढून टाकली, जज म्हणजे पार्टीचा माणूस नाही म्हणून. त्याच कायद्यात सरकारी पैशाने प्रचाराची सोय होती, कमीत कमी ३५० मतदारांकडून छोट्या छोट्या देणग्या गोळा करून दाखवायच्या मग सरकार खर्चाला पैसे देणार, शिवाय उमेदवारांची माहिती देणारी पुस्तिका घरोघरी पोस्टाने. मला विचाराल तर त्या सगळ्या वर्षांतली ही एकच गोष्ट मतदाराच्या कामाची होती. २०१३ मध्ये ते पैसे बंद झाले. त्याच वर्षी एका खुणेत अख्ख्या पार्टीला मत द्यायची सोयही कायद्याने काढली, म्हणजे आता प्रत्येक जजपुढचा गोल वेगळा काळा करायचा, आणि खाली खाली जाताना लोक कंटाळून पेन ठेवून देतात.

मग २०१४ ला काय झालं बघा. चीफ जज जॉन मार्टिन त्या उन्हाळ्यात रिटायर झाले, जागा रिकामी झाली तेव्हा प्रायमरीची, म्हणजे उमेदवार कमी करणाऱ्या आधीच्या फेरीची, वेळ निघून गेली होती, म्हणून थेट नोव्हेंबरात खुली निवडणूक, आणि एका जागेला एकोणीस उमेदवार. एकोणीस! नावापुढे पार्टी नाही, कोण कुठला काही पत्ता नाही. जॉन टायसन निवडून आले, मतं चोवीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारातल्या तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलेलं. टायसन आधीही त्या कोर्टात जज होते, नवखे नव्हते, ते सोडा, पण आकडा लक्षात ठेवा कारण हे गृहस्थ पुढे परत येणारेत.

२०१६ तर कॉलेजात शिकवावं असं वर्ष आहे. विधिमंडळाने ठरवलं की अपील कोर्टाच्या नावांपुढे पार्टी पुन्हा लिहायची, आणि तेव्हा गव्हर्नर रिपब्लिकन म्हणून रिपब्लिकन नाव वरती. पण सुप्रीम कोर्टाच्या एका जागेपुढे मात्र पार्टी लिहायची नाही, आणि तिथला क्रम चिठ्ठी काढून आलेल्या अक्षरावरून. त्या चिठ्ठीत माइक मॉर्गन यांचं नाव वर आलं, ते डेमोक्रॅट. आता मतदार कसा विचार करतो, सगळ्या कागदावर वरचं नाव रिपब्लिकनाचं, म्हणजे इथलंही तेच असणार. निकाल लागला तेव्हा अपील कोर्टाच्या पाचही जागा रिपब्लिकनांना, ट्रम्प राज्यात जिंकलेले, आणि मॉर्गन चोपन्न टक्क्यांच्या वर मतं घेऊन, आधीपासून त्या खुर्चीवर असलेल्या रिपब्लिकन जजला पाडून निवडून आले. ओबामांनी त्यांना पाठिंबा दिला होता हे खरं, नुसत्या क्रमामुळे आले असं मी म्हणणार नाही, पण एवढा फरक फक्त पाठिंब्याने पडतो यावर माझा काही विश्वास नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे बोर्डावर मॅटर वर की खाली यावरून भांडणं व्हायची, इथे जजच बोर्डावर आहेत."

पुढच्याच वर्षी आणखी एक प्रकार. गव्हर्नर आता डेमोक्रॅट, रॉय कूपर, आणि विधिमंडळ रिपब्लिकन. तीन जज लवकरच वयाची बहात्तर वर्षं पूर्ण करून निघणार होते, त्यांच्या जागा कूपर भरतील, म्हणून विधिमंडळाने कायदा केला की कोर्टच पंधराचं बारा करून टाकायचं, जसजशा जागा रिकाम्या होतील तसतशा रद्द. कूपरनी व्हेटो केला, म्हणजे सही नाकारली, तो उलटवायची तयारी चालू होती. आणि २४ एप्रिल २०१७ च्या सकाळी डग मॅकलो नावाच्या जजनी राजीनामा दिला, रिटायरमेंटला महिन्याच्या वर थोडेच दिवस उरले असताना. हा माणूस स्वतः रिपब्लिकन बरं का. कायदा लागू व्हायच्या आधी जागा रिकामी झाली, कूपरनी लगेच त्या जागी जॉन ऍरोवुड यांना नेमलं. आपल्या नावावर कोर्टाची एक खुर्ची मोडल्याचा डाग नको, अशा अर्थाचं मॅकलो बोलले. तो कायदा २०१९ मध्ये रद्द केला, कोर्ट पंधराचंच राहिलं. या सगळ्या कहाणीत मला मनापासून आवडलेला माणूस हा एकच.

२०१८ ला जजांच्या प्रायमरीच रद्द केलेल्या, पार्टीचं लेबल मात्र होतं, त्यामुळे एकाच पार्टीचे दोन-दोन जण एकाच जागेला. अपील कोर्टाच्या एका सीटवर डेमोक्रॅट टोबी हॅम्पसन एकटे आणि समोर दोन रिपब्लिकन, मतं फुटली, हॅम्पसन पन्नास टक्क्यांच्या आत राहूनही जिंकले. त्या दोन हरलेल्यांपैकी एकाचं नाव जेफरसन ग्रिफिन. ग्रिफिन २०२० ला परत उभे राहिले आणि अपील कोर्टात आले, म्हणजे हॅम्पसन यांचे सहकारी झाले.

आता धागे जुळवते, जरा सावकाश ऐका. २०२३ मध्ये मॉर्गन यांनी, तेच चिठ्ठीत वर आलेले, सुप्रीम कोर्ट सोडलं, कूपरनी तिथे ऍलिसन रिग्ज यांना नेमलं. २०२४ ला त्या जागेसाठी रिग्ज विरुद्ध ग्रिफिन. पंचावन्न लाखांच्या वर मतं पडली आणि रिग्ज जिंकल्या ७३४ मतांनी. फेरमोजणी झाली, तरी ७३४. मग ग्रिफिन कोर्टात गेले की साठ हजारांच्या वर मतं बाद करा, बहुतेकांचं कारण काय तर मतदार नोंदणीत लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर दिसत नाही. मत देताना त्या लोकांनी ओळखपत्र दाखवलेलं असलं तरी. आमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी तेव्हा ती यादी उघडून आपलं नाव शोधलं, मीही शोधलं, आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारे टाकून.

आणि ते प्रकरण फिरत फिरत गेलं कुठे? अपील कोर्टातच, ग्रिफिन ज्या कोर्टाचे जज तिथेच. ते स्वतः अर्थात बेंचवर नव्हते. ४ एप्रिल २०२५ ला निकाल आला, दोन विरुद्ध एक, ग्रिफिनच्या बाजूने, त्या मतदारांनी ठरलेल्या दिवसांत कागदपत्रं आणून द्यावीत नाहीतर मत गेलं. बाजूने टायसन आणि फ्रेड गोर. विरोधात हॅम्पसन. म्हणजे एकोणीस जणांतून चोवीस टक्क्यांवर आलेले टायसन, आणि २०१८ ला याच ग्रिफिनना हरवून आलेले हॅम्पसन. आठवड्याने राज्याच्या सुप्रीम कोर्टाने साठ हजारांची मतं वाचवली, परदेशातून आलेल्या काही मतांचा प्रश्न ठेवला, मग फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात ट्रम्प यांनीच नेमलेले जज रिचर्ड मायर्स यांनी ५ मे ला सांगितलं की निवडणूक झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, आणि दोन दिवसांनी ग्रिफिननी हार मानली. नोव्हेंबरची निवडणूक मे महिन्यात संपली.

त्या दिवशी टेबलावर मी सीट १२, १४, १५ चं काय केलं तेही सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. सहा उमेदवार होते, प्रत्येकाची वेबसाइट उघडली, सगळ्यांच्या घरात कुत्रा होता, सगळे चर्चला जात होते, सगळे कायद्याप्रमाणे निकाल देणार होते. अर्ध्या तासाने लॅपटॉप मिटला आणि नावापुढची पार्टी बघून गोल भरले. तिन्ही जागा रिपब्लिकनांनी घेतल्या, आता पंधरात बारा त्यांचे. हॅम्पसन, ऍरोवुड आणि २०१८ ला निवडून आलेली तिसरी सीट, या तिघांची मुदत २०२६ ला संपते, म्हणजे उरलेल्या तिन्ही डेमोक्रॅट जागा त्या नोव्हेंबरात एकदमच मतदानाला येणार.

एप्रिलचा तो दोन-एकचा निकाल लागला तेव्हा बाबा नाशिकला परत गेले होते. फोनवर मी सगळं सांगितलं, टायसन, हॅम्पसन, चोवीस टक्के, सगळं, मला वाटलं आता म्हणतील काय तमाशा आहे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ते ठीक आहे गं. पण हे तीनच जण कसे आले बेंचवर? रोस्टर कोण लावतं?"

शिरस्तेदार तो शिरस्तेदारच. मी म्हटलं चीफ जज लावतात. "त्याला कोण नेमतं?" म्हटलं राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस नेमतात, पॉल न्यूबी, त्यांनी २०२४ च्या जानेवारीत आधीच्या चीफ जजना बदलून दुसरे आणले. "आणि हे न्यूबी कुठून आले?"

निवडून आले बाबा. २०२० ला. ४०१ मतांनी.

"बरं," म्हणाले, आणि विचारलं की नातवाचा खोकला कसा आहे.

नमस्कार.