मॉडेल वाफेचं इंजिन डुलायलंय? आधी पट्टीनं मोजा, मग पेचकस हातात घ्या

नमस्कार मंडळी, परभणीहून.

(कॅमेरा रुळाच्या उंचीवर. इंजिन हळू येतंय.)

हे इंजिन वरून बघू नका. डोळे खाली आणा, समोरून बघा, आणि नजर चिमणीवर ठेवा. डावीकडे झुकली... सरळ झाली... परत डावीकडे. दिसतंय ना? सरळ, सपाट रूळ आहे, तरी डुलायलंय. मागच्या आठवड्यात शेजारचा पोरगा आला होता. दोन चकरा बघितल्या आणि म्हणाला, "काका, ह्याचा एक पाय आखूड हाय का?"

अगदी नेमकं बोलला तो. पण चाकं डझनभर आहेत, त्यातलं आखूड कोणतं? ते इंजिन न खोलता कसं शोधायचं, हे मला आज दाखवायचंय. कारण मी आधी खोललं होतं, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले.

आधी ओळख करून देतो. हे एचओ मापाचं इंजिन, म्हणजे खऱ्याच्या 87 पटीनं लहान, रुळाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 16.5 मिमी. रचना 4-6-2: पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी जोडचाकं, मागे दोन. आपल्या रेल्वेच्या जुन्या वाफेच्या इंजिनांत ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपीची आणि मीटरगेजच्या वायपीची हीच रचना. मी हे सेकंडहँड घेतलं.

आता पहिलं काम. रुळाच्या कडेनं कागदी चिकटपट्टी लावा. इंजिन जितकं हळू चालेल तितकं हळू सोडा. चिमणी झुकली की पट्टीवर पेन्सिलनं खूण करा. एका खुणेवर विसंबू नका, दहा झोके मोजा, एकूण अंतराला दहानं भागा. माझ्याकडे आलं 63 मिमी. (पट्टी कॅमेऱ्याजवळ.) बघा, खुणा कशा सारख्या अंतरावर पडल्यात.

आता वर्नियर कॅलिपरनं चाकं मापा. मोठं चाक 20 मिमी व्यासाचं. गुणिले 3.14, म्हणजे घेर साधारण 63. झोका आणि घेर जुळले! म्हणजे दोष मोठ्या चाकांपैकी एकात आहे, दर फेऱ्याला तो एकदा वर येतोय. टेंडरची, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची चाकं 11 मिमीची, त्यांचा घेर 35 च्या आसपास. झोका 35 वर आला असता तर मी इंजिनाला हातच लावला नसता, टेंडर उलटं केलं असतं.

आणि झोका दर चकरेला एकाच जागी येत असेल तर? मग इंजिन निर्दोष आहे, रूळ बघा. आपल्याकडे हे फार होतं. डिसेंबरात बसवलेला रूळ मे महिन्यात, गच्चीखालच्या खोलीत, वीस अंशांनी जास्त तापतो. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ तेवढ्यात मिलिमीटरचा एक तृतीयांश वाढतो. सांध्यात जागा सोडली नसेल तर तो कुठेतरी उचलतोच. मी रूळ थंडीत बसवताना दर मीटरला सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवतो.

झोक्याला काहीच लय नसेल, कधी येतो कधी नाही, तर टेंडर सोडवून चालवा, मग पुढची छोटी चाकं काढून चालवा. त्या छोट्या चाकांवरची स्प्रिंग जास्त ताठ असली की ती इंजिनाचं नाकच वर उचलते. टेंडरकडे जाणारी वायर ताठ असली तरी ती इंजिनाला ढकलते. दोन्ही पाच मिनिटांत कळतं.

आता माझं काय चुकलं ते. मी यातलं काहीच मोजलं नाही. डुलतंय म्हणजे चाक वाकडं, असं धरून चाललो, इंजिनाच्या पोटाखालची, एक्सल धरून ठेवणारी पट्टी काढली, चाकांना जोडणारे रॉड सोडवले आणि चाकं एक्सलवरून, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावरून, ओढली. तिथंच खरा घोळ झाला. वाफेच्या इंजिनात डावीकडची आणि उजवीकडची क्रँकपिन, म्हणजे चाकावरची रॉड अडकवायची खुंटी, एका रेषेत नसते, त्यांच्यात 90 अंशांचा फरक असतो. एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन अडला की दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असावा, म्हणून. मॉडेलमध्ये वाफ नाही, मोटर आहे, पण रॉड खरेच आहेत. तिन्ही एक्सलवर तो कोन तंतोतंत सारखा हवा. एक एक्सल जरा फिरला तरी रॉड अडतात आणि इंजिन लंगडतं. माझं आधी नुसतं डुलायचं, आता डुलायचं आणि लंगडायचंही.

या दोन गोष्टींत गल्लत करू नका. डुलणं म्हणजे अंग कलतं, वेग तोच राहतो. लंगडणं म्हणजे वेग तुटतो, दर फेऱ्याला अडखळ येते. लंगडत असेल तर कोन, वाकलेला रॉड किंवा चिरलेला गिअर बघा. चिरलेला गिअर चिकटवून टिकत नाही, बदलावाच लागतो.

बरं, इतक्याशा दोषानं एवढं डुलतं का? खरी इंजिनं तर किती वाईट रुळांवर चालायची.

माझे आजोबा लातूरकडचे. त्यांनी बार्शी लाइट रेल्वेनं लहानपणापासून प्रवास केला. 762 मिमी गेजची ती गाडी 1897 ला कुर्डुवाडीकडून बार्शीला सुरू झाली, 1911 ला लातूरला पोचली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एक नियम धरला होता: कोणत्याही एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. रूळ हलके होते ना. म्हणून तिची सुरुवातीची इंजिनं 0-8-4, भरपूर चाकं, प्रत्येकावर थोडं थोडं ओझं. आणि खऱ्या इंजिनाचा एक्सल वरखाली सरकू शकतो, त्यावर कमानीची स्प्रिंग असते. चाकाखाली खळगा आला तर चाक खाली उतरतं, अंग तसंच राहतं.

आपल्या मॉडेलची चौकट बहुतेक वेळा एकसंध धातूची असते, त्यात स्प्रिंग नाही. सहा चाकं म्हणजे सहा पायांचं ताठ टेबल. एक पाय कागदाच्या जाडीइतका लांब झाला की शेजारचा अधांतरी. म्हणून इथं मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही किंमत आहे.

तर कागदच वापरू. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद घ्या, बोटभर पट्ट्या कापा. जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवा, त्यावर इंजिन, आणि प्रत्येक मोठ्या चाकाखाली एकेक पट्टी. आता हलकेच ओढा. ही अडली. ही अडली. ही... निघून आली. म्हणजे हे चाक टेकलेलंच नाही. पण थांबा, दोषी हे नाही, ह्याला कुणीतरी उचललंय. चाकं पाव फेरा फिरवा, परत ओढा. चार वेळा करा आणि लिहून ठेवा. माझ्याकडे मधलं चाक सुटं पडायचं ते फक्त एका स्थितीत, मागचं डावं चाक एका ठराविक बाजूला आलं की.

मग इंजिन टॉवेलवर उलटं. साधं डीसी इंजिन असेल तर 9 व्होल्टची बॅटरी चालते. आत डिकोडर, म्हणजे डिजिटल कंट्रोलरचे आदेश वाचणारं छोटं सर्किट, असेल तर त्याच्याच कंट्रोलरच्या तारा लावा. मातीच्या गोळ्यात सुई खोचून तिचं टोक चाकाच्या कडेपाशी आणा. (क्लोजअप.) सुई आणि चाक यांच्यातल्या फटीकडे बघा. फट रुंद... अरुंद... रुंद. चाक वरखाली होतंय. ते आतबाहेर हललं असतं तर एक्सलवर तिरकं बसलंय असं समजलो असतो, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मापलं असतं. ते या गेजला साधारण 14.4 ते 14.5 मिमी लागतं, आणि फिरवताना सगळीकडे तेवढंच यायला हवं.

या मागच्या चाकाला खाच आहे, त्यात पकड यावी म्हणून रबरी टायर बसवलाय. टाचणीनं अलगद उचलतो. बघा, खाली काय आहे. कापूस! आमच्या गल्लीमागे जिनिंग आहे. दिवाळीनंतर हवेत कापसाचे तंतू असतात, ते तेलाला चिकटतात आणि गुंडाळत जातात. तंतूंची ही गुठळी नखाच्या टोकावर मावते. हिच्यामुळे टायर एका जागी फुगला होता आणि सगळं इंजिन कलत होतं.

खाच लाकडी दातकोरणीनं कोरून काढा, मग चष्म्याच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. कानकोरणीचा कापूस इथं नको, आत्ताच बघितलं ना. जुना टायर ताणला गेला असेल तर परत बसवू नका. नवा मागवताना खाचेचा तळ मापा, त्याचा व्यास आणि रुंदी दोन्ही, कारण जाड टायर आला की तेच चाक परत उंच. बसवल्यावर टाचणीची गोल बाजू टायरखालून एक फेरा फिरवा, म्हणजे पीळ निघतो. एक्सलला तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच. रबराला तेल लागलं की ते फुगतं.

शेवटचं: इंजिनाच्या पोटाखालच्या पट्टीचे स्क्रू करकचून आवळू नका, पट्टी वाकते आणि एक्सल दाबला जातो. वरचं अंग बसवताना वायर कडेला चेपली नाही ना, तेही बघा.

आता तीच चिकटपट्टी, तोच वेग. (कॅमेरा परत रुळाच्या उंचीवर.) चिमणीवर नजर ठेवा. मी हातात पेन्सिल घेऊन बसलोय, पण खूण करायला काही मिळत नाहीये.