उतारवयातील मन

श्रोतेहो, नमस्कार. म्हातारपणाचा विषय निघाला की आपल्या बोलण्यात आधी गुडघे, रक्तदाब आणि औषधांच्या वेळा येतात, आणि शरीर थकले म्हणजे मनही खचणारच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांनी हे गृहीतक कसोटीला लावले.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 ते 94 वर्षे वयाच्या 184 जणांना आठवडाभर पेजर दिले. दिवसातून पाच वेळा तो अवचित वाजे. हातातले काम थांबवून राग, दुःख, आनंद, समाधान अशा 19 भावनांपैकी कोणती किती जाणवते आहे, हे त्याच क्षणी नोंदवायचे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की त्रासदायक भावना मनात येण्याचे प्रमाण सुमारे साठीपर्यंत कमी होत जाते. आलेल्या भावनेची तीव्रता मात्र वयानुसार उणावलेली नव्हती. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्येष्ठांची शांतता पाहून ‘आता त्यांना कशाचे काही वाटत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो.

कार्स्टनसन यांच्या मते याचे मूळ उरलेल्या वेळाच्या जाणिवेत आहे. मोकळा अर्धा तास जवळच्या माणसाबरोबर घालवाल, नव्या ओळखीच्या व्यक्तीबरोबर, की नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, असे विचारल्यावर वृद्ध बहुधा जवळचे माणूस निवडतात. पण एखाद्या वैद्यकीय शोधामुळे 20 वर्षे जास्त आयुष्य लाभणार आहे, अशी कल्पना करायला सांगितले की हा कल ओसरतो. उलट, लवकरच एकट्याने दूरगावी जायचे आहे, असे मनात आणलेले तरुणही आपल्याच माणसाकडे वळतात.

त्यामुळे ज्येष्ठांचा गोतावळा आटोपशीर झालेला दिसला, तर त्यांना घाईने एकाकी ठरवू नये. निवडून राखलेली चार माणसे वेगळी, आणि माणसे दुरावल्याने वाट्याला आलेला एकटेपणा वेगळा; तो प्रकृतीलाही बाधतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्विन येथील संशोधक सुझन चार्ल्स यांनी आणखी एक मर्यादा दाखवली आहे. ताण टाळता येण्याजोगा नसेल आणि लांबत गेला, तर वयाने आलेले हे शहाणपण अपुरे पडते, कारण खवळलेले शरीर पूर्ववत व्हायला उतारवयात अधिक वेळ लागतो. अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या ज्येष्ठांच्या धीराचे आपण कौतुक करतो; त्यांना त्याहून निकडीची गरज असते ती दर आठवड्याला काही तास ती जबाबदारी आपल्या हाती घेणाऱ्या माणसाची.