घर फिरतं तेव्हा

नमस्कार. विषय कळवताना मी 'घर आणि जग बदलणारे जादूचे सिनेमे' एवढंच म्हटलं होतं. त्यामुळे काहीजण भुताटकी ऐकायला आले असतील, त्यांनी आधीच माफ करावं. भुताच्या सिनेमातलं घर माणसाला हाकलायला बघतं. मी ज्या घरांबद्दल बोलणार आहे ती माणसाला घेऊन निघतात.

एका दारापासून सुरुवात करतो. १९३९ सालचा 'द विझार्ड ऑफ ऑझ'. वावटळीने उचललेलं घर धाडकन खाली आपटतं, आत सगळं तपकिरी, जुन्या फोटोसारखं. गोष्टीतली मुलगी डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंगच रंग! एकाच शॉटमध्ये, कुठेही न तुटता. लोकांना वाटतं, इथे फिल्म बदलली असणार. तसं काहीच नाही. तो शॉट सबंध रंगीत फिल्मवरच घेतलाय. तपकिरी आहे ते घर. भिंतींना, दाराला चक्क तपकिरी रंग फासला होता. दार उघडते ती पाठमोरी मुलगी डोरोथीचं काम करणारी ज्युडी गारलँड नाहीच, तपकिरी कपड्यांतली दुसरीच आहे. ती बाजूला सरते, कॅमेरा दारातून पुढे जातो आणि निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली खरी ज्युडी पुढे येते. जादू म्हणजे एक डबा रंग आणि वेळेवर बाजूला झालेली एक मुलगी.

पण रंग बदलले, जग बदललं, आणि माणसं? बुजगावणं, टिनचा माणूस, सिंह हे तिघेही घरच्या शेतावरचे गडीच आहेत, नट तेच. कुत्र्याला न्यायला आलेली खाष्ट बाई इथे चेटकीण झालीय. मला या सगळ्या सिनेमांबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे. घर बदलताना काय बदललं ते कोणालाही दिसतं, तुम्ही काय तसंच राहिलं ते शोधा. सिनेमा तिथे लपलेला असतो.

हे नेहमीच असं होतं असं नाही. सुरुवातीला नुसती गंमत होती. सेगुंदो दे चोमोन नावाच्या स्पॅनिश माणसाने १९०८ साली विजेवर चालणाऱ्या हॉटेलचा छोटा सिनेमा केला. एक जोडपं तिथे उतरतं. सामान आपणहून उलगडतं, ब्रश आपणहून बुटांना पॉलिश करतो. एकेक चौकट टिपायची, वस्तू जराशी सरकवायची, पुन्हा टिपायची. शेवटी यंत्रांच्या खोलीत एक दारुडा नको ती कळ दाबतो आणि सगळं हॉटेल थैमान घालतं. झकास आहे, पण त्या जोडप्याचं पुढे काय झालं याची कोणी चौकशी करत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. दिवस पालटले की आपलेही परके होतात, असा तिचा अर्थ. सिनेमावाल्यांनी ती शब्दशः घेतली! १९५१च्या 'रॉयल वेडिंग'मध्ये नाचणारा नट फ्रेड अस्टेअर भिंतीवर चढून छतावर नाचतो. तिथे अख्खी खोलीच गोल फिरत होती, कॅमेरा खोलीलाच जखडलेला, त्यामुळे आपल्याला खोली स्थिर आणि माणूस उलटा दिसतो. तो बिचारा सारखा जमिनीवरच होता. २०१०च्या 'इन्सेप्शन'मध्ये तसाच फिरणारा कॉरिडॉर बांधला. त्याच सिनेमात पॅरिस शहर चादरीसारखं दुमडलं जातं. बघताना मी थक्क झालो, आतून मात्र काही हललं नाही. त्या घरांत राहणारं कोणी मला माहीतच नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाला जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा २००४चा ॲनिमेशनपट 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल'. घर म्हणजे कोंबडीच्या पायांवर लटपटत चालणारा भंगाराचा डोंगर. दाराशी चार रंगांची तबकडी. एक रंग लावला की दार बंदराच्या गावात उघडतं, दुसऱ्याला राजधानीत. काळ्या रंगापलीकडे युद्ध आहे, आणि तिकडे घराचा मालक, जादूगार हाऊल एकटाच जातो. हे सगळं चालवतो कोण? चुलीतला विस्तव, कॅल्सिफर. मधे हाऊल जादूने घर मोठं करतो, नव्या खोल्या काढतो. त्याच्याकडे राहायला आलेल्या सोफीला कोणती खोली मिळते? ती सोडून आलेली जुनीच. हे पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे. जगाच्या चार टोकांना उघडणाऱ्या घरात तिच्यासाठी राखून ठेवलंय ते तिचंच जुनं घर. पुढे विस्तव चुलीतून निघतो आणि घर कोसळतं. उरते दोन पायांची एक फळी, आणि तीही चालतच राहते. घर म्हणायला किमान किती लागतं, याचा याहून नेमका हिशोब मी पाहिलेला नाही.

'कोरालाइन'मध्ये, २००९ साली, हाच प्रकार उलटा. छोट्या दारापलीकडे तेच घर, तीच खोली, फक्त सगळं जास्त छान. आईसुद्धा जास्त प्रेमळ. डोळ्यांच्या जागी बटणं. मुलगी त्या घराकडे पाठ फिरवून चालू लागते तर झाडं विरळ होत जातात, शेवटी नुसता पांढरा कोरेपणा, आणि त्यातून ती पुन्हा त्याच घराशी पोचते. त्या मायावी आईने मुलीला भुलवायला लागेल तेवढंच जग केलंय.

त्याच वर्षीचा 'अप' तुम्ही पाहिला असेलच. म्हाताऱ्याचं घर फुग्यांनी उडतं त्या प्रसंगात २०,६२२ फुगे रेखाटलेत. खरं घर उचलायला कोट्यवधी लागले असते, पण ते जाऊ द्या. मला फुग्यांपेक्षा सामान महत्त्वाचं वाटतं. घर पुन्हा उडावं म्हणून म्हातारा ते बाहेर फेकतो, आणि त्याची नि बायकोची अशा दोन खुर्च्या मागे कड्यावर शेजारी शेजारी राहतात.

'एन्कांतो'शी मात्र माझं थोडं भांडण आहे. तिथलं घर लाद्या हलवून घरच्यांशी बोलतं, मग भेगा पडतात, जादूची मेणबत्ती विझते, घर ढासळतं. गावकरी येऊन हातांनी विटा रचतात. इथपर्यंत मी पूर्ण त्यांच्या बाजूचा होतो. मग घरातली मुलगी मिराबेल दाराची मूठ बसवते आणि जादू परत येते. का हो परत यावी? हाताने रचलेल्या घरात दोन दिवस राहू द्यायचं होतं की त्यांना.

असो. वेळ होत आला. दिवे बंद करा, ऑझमधला तो दाराचा शॉट आता बघूया. एक विनंती, पहिल्यांदा बाहेरच्या रंगांकडे बघू नका. उघडणाऱ्या दाराच्या कडेकडे बघा, आणि ती पाठमोरी मुलगी कोणत्या क्षणी नाहीशी होते तेवढं पकडा.