खाजनाचा बांध सांभाळायचा कोणी?

हे समोर हिरवंगार दिसतंय ना, हे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. आपल्या गोव्यात दिवाड, चोडण, मांडवी-जुवारीच्या काठाने अशी खाजनं भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे भरती आली की नदीचं पाणी या शेतापेक्षा वर असतं. आत गोडं पाणी नि भात, बाहेर खारं पाणी, मधे फक्त चिखलमातीचा बांध.

जरा खाली वाकून बघा. बांधाच्या पोटात बोटभर भोकं दिसतायत? कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची कामं. आता फालतू वाटतात, पण अवसे-पुनवेच्या मोठ्या भरतीला तिथूनच पाणी झिरपतं, माती सुटते, आणि बांध फुटला की यंदाचं भात तर गेलंच पण मीठ जमिनीत मुरतं, मग पावसाचं पाणी शेतात साठवायचं, ओहोटीला सोडायचं, परत साठवायचं, असं धूत बसावं लागतं. अशा जमिनीत कोरगुट हा आपला जुना गावठी भात तग धरतो, आणि त्यातूनच निवडून ओल्ड गोव्याच्या आयसीएआर या शेती संशोधन संस्थेने गोवा धान १, गोवा धान २ अशी खारं सोसणारी बियाणी काढलीयत, ती पण विचारून बघा.

ही मानस, म्हणजे बांधातली पाण्याची वाट. दार लाकडाचं. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की आपोआप बंद, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडतं, मोटर नको नि लाईट बिल नको. फळ्या सडल्या नाहीत ना, फटीत ओंडका अडकला नाही ना, एवढंच बघायचं असतं, आणि नेमकं तेच बघायला कोणाला वेळ नाही.

पूर्वी हे सगळं गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, ही गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था बघायची. कूळ कायद्यानंतर १९७५ च्या नियमांनी ही जबाबदारी कूळ संघांकडे, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघांकडे आली, वरून मामलेदाराची देखरेख. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, त्याचे पैसे बांधाला लागायला हवेत. पण खरं सांगायचं तर कित्येक ठिकाणी मासळीसाठी मुद्दाम भरतीचं पाणी आत घेतात, भाताचं काय ते भात बघेल! संघाच्या मीटिंगला जा आणि लिलावाचा हिशोब मागा, लाजू नका.

मोठी डागडुजी मात्र संघाच्या खिशातून होत नाही. त्यासाठी कृषी खात्याचा मृद संधारण विभाग आहे, सुरुवात आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातून करा. डोंगरावर काजू असेल तर उताराला आडवे चर आणि चरांच्या काठाला वाळा कसा लावायचा तेही तिथेच विचारा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात माती थेट ओहोळात.

एकट्याने जाऊ नका, बांध सगळ्यांचा आहे तर अर्जावर सह्या पण सगळ्यांच्या असू देत. पाऊस लागायच्या कितीतरी आधी जा, जूनमध्ये बांधावर माती टिकत नाही. वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा बरोबर ठेवा, आणि बांधाचे फोटो ओहोटीला काढा, भरतीला काढलेत तर साहेबांना नुसतं पाणीच दिसेल.