शिकायचं म्हणजे जायचं

(दृश्य: धक्का. लांबवर जहाज.)

हे ट्रिस्टन दा कुन्हा. दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट. विमानतळ नाही. केपटाऊनहून निघालेलं जहाज इथे पोचायला साधारण आठवडा घेतं. शाळा एकच, आणि तिथलं शिक्षण सोळाव्या वर्षाच्या आसपास संपतं. पुढे शिकायचं, तर समुद्र ओलांडायचा.

त्यामुळे ‘पोरानं खूप शिकावं’ असं आईवडील म्हणतात, तेव्हा ‘पोरानं घर सोडावं’ हेही त्यात आलंच.

मग लोक बेट का सोडत नाहीत? १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा सोडलं होतं. सगळ्यांना ब्रिटनला नेलं. तिथे नोकऱ्या होत्या, मोठ्या शाळा होत्या. तरी १९६३ मध्ये बहुतेक जण परत आले. दुर्गम भागात माणसं केवळ नाइलाजानं राहतात, हा आपला समज इथे गडबडतो.

तरुण गेले आणि परतलेच नाहीत, तर काय होतं, ते स्कॉटलंडच्या सेंट किल्डानं पाहिलं. कष्टाच्या कामांना हात पुरेनात. १९३० मध्ये उरलेल्या ३६ रहिवाशांनी बेट सोडलं, तेही स्वतः सरकारला विनंती करून.

अशा वस्त्यांमध्ये मुलानं शिक्षक व्हावं, मुलीनं नर्स व्हावं, असं पालकांना वाटतं. बाहेरचे म्हणतात, स्वप्नं छोटी. मला तर तो चोख हिशेब वाटतो. गावात राहून महिन्याचा पगार मिळेल, अशा जागा मुळात असतात किती?

(दृश्य: रेडिओसमोर बसलेलं मूल.)

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ मध्ये रेडिओवरची शाळा सुरू झाली. अफाट कुरणांवर राहणारी मुलं घरबसल्या धडे ऐकू लागली. शेजारी बसून अभ्यास करवून घेणारी बहुधा आईच. माध्यमिक शाळेसाठी मात्र अनेकांना बोर्डिंग गाठावं लागतं. ताटातूट काही वर्षं लांबली, इतकंच.

उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांनी समुद्राखालून बोगदे काढले. २०२० मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यात तर चक्क वाहतुकीचं वर्तुळ आहे! एका बेटावर राहायचं, दुसऱ्यावर शिकायचं, रात्री जेवायला घरी. उच्च शिक्षणासाठी डेन्मार्कला जाणारी मुलं आहेतच, आणि परत न येणाऱ्यांत मुली जास्त. मासेमारी हा तिथला मुख्य धंदा, आणि बोटीवरचं काम पुरुषांचं मानलेलं. त्यामुळे शिकून आलेल्या मुलीला इथे काम कोणतं मिळणार, हा आता तिथे सरकारी चर्चेचा विषय झाला आहे.